जुन्या पत्रसंग्रहाचे पुनर्मुद्रण: एका खंडाचे प्रकरण

खंड असा आहे. अठराव्या शतकातली ३४२ मराठी पत्रे, जवळजवळ सगळी मोडीतून उतरवलेली. छपाई १९२०च्या दशकातली, डेमी अष्टपत्री आकार, संपादक दोन. प्रस्तावना २४ पृष्ठांची आणि तिला स्वतंत्र पृष्ठांक, पत्रांचा भाग ४८८ पृष्ठांचा, शेवटी ६ पृष्ठांचे शुद्धिपत्र. शिक्के-मोर्तबांचे एक चित्रपृष्ठ, घडी घातलेला एक नकाशा. सूची नाही. बाजारात प्रत मिळत नाही, ग्रंथालयांतल्या प्रतींची पाने उलटताना कोपरे तुटतात आणि अभ्यासकांची मागणी मात्र थांबलेली नाही. एका संस्थेने पाचशे प्रती काढायचे ठरवले आहे. प्रकरण नमुन्याचे आहे: एखाद्या ठरावीक ग्रंथाचे नाव न घेता, त्या पिढीच्या पत्रसंग्रहांत जे हटकून सापडते ते या एका खंडावर मांडले आहे.

नव्याने जुळवायचे की जसेच्या तसे छापायचे?

पहिल्या बैठकीत हटकून येणारी सूचना म्हणजे ‘डीटीपी करून घेऊ, स्वच्छ दिसेल’, म्हणजे संगणकावर सगळा मजकूर नव्याने जुळवायचा. दिसेल खरे, पण या जातीच्या ग्रंथाला तो मार्ग घातक आहे. गेली शंभर वर्षे मराठ्यांच्या इतिहासावर जे लिहिले गेले, त्यात आधार दिला जातो तो खंड, लेखांक (खंडातल्या पत्राचा क्रमांक) आणि पृष्ठ असा. वि. का. राजवाडे यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड असोत, वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ असो की गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात काढलेले पेशवे दफ्तराचे ४५ भाग असोत, तळटिपांचे अख्खे जाळे या आकड्यांवर उभे आहे. नव्या जुळवणीत लेखांक टिकतात, पृष्ठांक हलतात आणि त्या तळटिपा निकामी होतात.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जुळवणी करणाऱ्याचा हात आजच्या मराठीला सरावलेला असतो. ‘तें’चे ‘ते’ होते, ‘जाहाले’चे ‘झाले’ होते, ‘पौ।’ म्हणजे पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद, हे ठाऊक नसल्याने तिथे ‘पो.’ येते. मुद्रितशोधकही तेच आजचे मराठी वाचतो, म्हणून त्याच्या नजरेतून हे निसटते. मूळ मोडी कागद हाताशी असता तर तंटा मिटला असता. पण पत्रसंग्रहांचे मूळ कागद पुष्कळदा मूळ घराण्याकडे परत गेले, वाटण्यांत विखुरले किंवा नष्ट झाले. अशा वेळी जुना छापील पाठ हाच मूळ कागद ठरतो. त्याला हात लावायचा अधिकार कोणालाच नाही.

म्हणून निर्णय: जुनी ५१८ पृष्ठे जशीच्या तशी, जुन्या पृष्ठांकांसह, आणि पुढे-मागे १०६ नवी पृष्ठे, ज्यांत पुनर्मुद्रणाचे निवेदन, तारखांचा तक्ता, पाठशुद्धी, शब्दार्थ आणि व्यक्ति-स्थल सूची. जुळवणीचे वाचलेले पैसे आणि श्रम या १०६ पृष्ठांवर खर्च करायचे. पुनर्मुद्रणाची खरी किंमत तिथेच असते.

हक्क

पत्रे अठराव्या शतकातली असली तरी निवड, वाचन, टिपा आणि प्रस्तावना संपादकांची असते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) हा हक्क टिकतो. दोघांचे संयुक्त काम असेल तर जो शेवटी वारला त्याच्या मृत्यूपासून मोजायचे. इथे पाय घसरतो तो पहिल्या संपादकाचे साल पाहून मोकळे झाल्यामुळे. आपल्या खंडाचा पहिला संपादक १९३१ साली वारला, दुसरा १९६८ साली. म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत परवानगी हवीच. राजवाडे १९२६ साली गेले, त्यांच्याबाबत प्रश्न केव्हाच संपला. सरदेसाई १९५९ साली गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०२० पासून मोकळे. इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार १९७९ साली आणि ग. ह. खरे १९८५ साली गेले, त्यामुळे त्यांनी संपादित केलेले खंड ‘जुने आहेत’ एवढ्यावर छापता येत नाहीत. सरकारी प्रकाशनांचा हिशोब वेगळा: तिथे ६० वर्षे प्रकाशनापासून.

संस्थेच्या पगारी नोकरीत काम झाले असेल तर हक्क बहुधा संस्थेचा. मानद संपादक असेल तर त्याच्या वारसांचा. परवानगी सगळ्या वारसांकडून लेखी घ्यावी. घरातल्या एका वडीलधाऱ्याच्या तोंडी होकारावर फर्मे (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे जुडगे) छापायला दिले आणि नंतर दुसऱ्या शाखेकडून पत्र आले, तर छापलेला गठ्ठा गोदामात पडून राहतो. परवानगीत छापील प्रत, डिजिटल प्रत आणि नवी सूची या तिन्हींचा उल्लेख वेगवेगळा असावा.

तीन प्रती

स्कॅनसाठी एक प्रत पुरत नाही, निदान तीन लागतात. प्रत्येक प्रत फर्म्याफर्म्याने मोजायची: फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, त्यावरून गहाळ, उलटा किंवा दोनदा बांधलेला फर्मा लगेच कळतो. नुसते पृष्ठांक बघू नयेत, कारण जुन्या छपाईत पृष्ठांकच चुकलेले असतात आणि मग ‘पान नाही’ अशी खोटी हाकाटी होते.

हमखास गहाळ असतो तो नकाशा. एका प्रतीत तो घडीवर फाटलेला, दुसऱ्यात कोणीतरी काढून नेलेला. मलपृष्ठ आणि वेष्टनही बांधणीवाला फेकून देतो, आणि त्याच वेष्टनावर संपादकाची एखादी सूचना छापलेली असते. जी साधने मासिकातून हप्त्याहप्त्याने आली तिथे तर प्रत्येक ग्राहकाने आपापल्या क्रमाने बांधून घेतलेली असतात. १८७८ साली सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’सारख्या मासिकांच्या बांधीव प्रती चाळताना याची आठवण ठेवावी.

शुद्धिपत्राचीही एक खोड आहे. खंडाच्या शेवटी असते ते पहिले. दुसरे पुष्कळदा पुढच्या खंडाच्या प्रस्तावनेत किंवा शेवटी दडलेले असते. तेही शोधून घ्यायचे.

संकेतस्थळांवर मोफत मिळणाऱ्या पीडीएफवरून थेट छापण्याचा मोह आवरावा. समास कापलेले, पाने वगळलेली आणि अक्षरे काळ्या-पांढऱ्यात चिरडलेली असतात. गहाळ पानाचा मजकूर ताडून पाहायला तेवढ्या कामाच्या.

ठिपका

स्कॅनिंगचा सगळा झगडा एका ठिपक्याभोवती फिरतो. जुन्या मराठीत अनुस्वार अर्थ बदलतो: ‘ते’ म्हणजे ती माणसे, ‘तें’ म्हणजे ती गोष्ट, ‘तो’ म्हणजे तो माणूस, ‘तों’ म्हणजे तोवर. त्या काळच्या कागदावर पडणारे तांबूस डाग नेमके अनुस्वाराएवढे असतात. एकीकडे खरा ठिपका पुसला जातो, दुसरीकडे डागाचा अनुस्वार होतो.

हिशोब करून पाहावा. बारा पॉइंटाच्या खिळ्यातला अनुस्वाराचा ठिपका साधारण ०.४ मिलिमीटरचा. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) तो नऊ-दहा पिक्सेल रुंद येतो, ३०० वर चार-पाच, २०० वर जेमतेम तीन. डाग काढणारी सॉफ्टवेअरची गाळणी दोन-तीन पिक्सेलचे ठिपके सरसकट उडवते. म्हणजे २०० डीपीआयच्या प्रतीवर गाळणी लावली की अनुस्वार गेलाच. म्हणून मूळ स्कॅन ६०० डीपीआय, करड्या छटांत, टिफ या तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात. काळे-पांढरे रूपांतर नंतर, आणि त्याची उंबरठा-मर्यादा, म्हणजे कोणत्या छटेपासून काळे धरायचे ती, अख्ख्या पुस्तकाला एकच न लावता फर्म्यागणिक ठरवायची, कारण शाई सगळीकडे सारखी नसते. ठिपके काढण्याची आपोआप चालणारी गाळणी बंद ठेवायची. शंका आली तिथे दुसऱ्या प्रतीतली तीच ओळ शेजारी ठेवायची: डाग दोन प्रतींत एकाच जागी पडत नाही, अनुस्वार पडतो. तुटका खिळा मात्र दोन्हीकडे तुटकाच असतो, आणि त्याला रंगवून ‘दुरुस्त’ करायचे नाही.

पानामागची अक्षरे अलीकडे दिसत असतील तर पानामागे काळा कागद ठेवून स्कॅन घ्यावा. पांढरा ठेवला तर उजेड परत फिरतो आणि उलटी अक्षरे अधिक उठून येतात. कणा आवळून बांधलेला असेल तर पुस्तक सपाट दाबू नये. नव्वद ते शंभर अंशांत उघडून वरून कॅमेऱ्याने टिपावे, नाहीतर त्या काळचा लाकडी लगद्याचा, आम्लामुळे ठिसूळ झालेला कागद कण्याशी काडकन मोडतो. मोर्तबांचे चित्रपृष्ठ जाळीच्या ठिपक्यांनी छापलेले असते. त्यावर पुन्हा जाळी पडली की लहरी उमटतात. ते पान वेगळे, जाळी काढून तयार करायचे. शक्य असेल तर मूळ मोर्तबाचेच नवे छायाचित्र घ्यावे आणि ते नव्या भागात द्यावे, जुन्या पानावर चिकटवू नये.

छपाईत अक्षराचा आकार शंभर टक्के ठेवावा. ‘पाने वाचतील’ म्हणून पाच-सात टक्के लहान केले की पहिला बळी त्याच ठिपक्याचा.

तारखा: एक ओळ जवळून

जुन्या संपादकांनी पत्रांना इंग्रजी तारखा दिल्या त्या हाताशी असलेल्या जंत्र्यांवरून (तारखा जुळवण्याच्या कोष्टकांवरून), घाईत, आणि कधी पत्राचा क्रम लावण्यापुरत्या. तक्ता करताना प्रत्येक तारीख पुन्हा काढावी लागते. मराठी पत्रात तीन-तीन कालगणना एकत्र नांदतात. शकाला चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. पानिपतची लढाई पौष शुद्ध ८ शके १६८२ ची; त्यात ७८ मिळवले तर १७६० येते आणि लढाई एक वर्ष अलीकडे सरकते. खरी तारीख १४ जानेवारी १७६१, बुधवार. पत्रात वार दिला असेल तर तो पडताळ्याला सोन्यासारखा, आणि जुन्या तक्त्यांतल्या बऱ्याच चुका एकट्या वारानेच पकडल्या जातात.

शुहूर सन, म्हणजे अरबी सन, मृग नक्षत्राला बदलतो. अठराव्या शतकात सुमारे ५ जूनला. जूनपासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, पुढे ६००. तो अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहितात, एककापासून उलटा: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. पत्रात बहुधा शेवटचे ‘मया व अलफ’ गाळलेले असते.

अडचण पुढे आहे. वर्ष सौर, पण ‘छ’ने दिलेली तारीख चांद्र हिजरी महिन्याची. सौर वर्ष ३६५ दिवसांचे, चांद्र ३५४चे. म्हणजे प्रत्येक शुहूर सनात दहा-अकरा चांद्र तारखा दोनदा येतात. सन ११६१ मध्ये या तारखा सवाल (शव्वाल) या हिजरी महिन्याच्या अखेरीस पडतात. पत्रावर ‘छ २५ सवाल सन इहिदे सितैन’ असेल तर ते १० जून १७६० च्या सुमाराचे असू शकते, किंवा ३० मे १७६१ च्या. मध्ये पानिपत आहे! गणित इथे थांबते आणि मजकूर बोलू लागतो: पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांचा उल्लेख मोहिमेवरचे म्हणून आहे की गत म्हणून, पेशवे बाळाजी बाजीराव कुठे आहेत, निरोप कोणत्या छावणीतला आहे. जिथे मजकूरही मुका, तिथे तक्त्यात दोन्ही तारखा द्याव्या. एक निवडून ठाम छापणे हा अप्रामाणिकपणा आहे.

तक्त्यात आणखी एक रकाना हवा: ही तारीख पत्र लिहिल्याची की पोचल्याची. ‘पौ।’ची तारीख लिहिल्याची समजून कितीतरी पत्रे आठ-पंधरा दिवस पुढे ढकलली गेली आहेत. सतराव्या शतकाची साधने असतील तर ज्युलियन की ग्रेगोरियन हेही स्पष्ट करावे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची. नव्या पद्धतीने ती १६ जून होते. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी पद्धत चालवली, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच नवी घेतली. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळल्या की घटनांचा क्रम उलटतो.

शुद्धी आणि सूची

पाठशुद्धीचे रकाने पाच: लेखांक, पृष्ठ-ओळ, छापलेला पाठ, सुचवलेला पाठ, आधार. आधार म्हणजे जुने शुद्धिपत्र, दुसरीकडे छापलेले तेच पत्र, मूळ मोडी कागद किंवा निव्वळ तर्क. आणि तर्क असेल तर तसे लिहायचे. जुन्या पानावर फक्त एक खूण, त्या ओळीसमोर समासात बारीक तारा. त्यापलीकडे काही नाही. बनावट वाटणारे कागद, विशेषतः वतनाच्या तंट्यांतले महजर (पंचांसमोर झालेल्या निवाड्याचे कागद), गाळायचे नाहीत. नव्या निवेदनात शंकेची कारणे द्यायची.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, अनुस्वार बहुधा गाळलेला असतो, शब्द सुटे नसतात. म्हणजे छापील खंडातले ऱ्हस्व-दीर्घ संपादकाचे आहेत, पत्रलेखकाचे नव्हेत, आणि शब्द कुठे तोडायचा हेही त्याचेच ठरवणे. विशेषनामांच्या शुद्धी सर्वांत जास्त निघतात त्या इथून.

सूचीसाठी स्कॅनवर ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर) चालवायला हरकत नाही, पण तो कच्चा माल. ‘ख’चे ‘रव’, ‘ध’चे ‘घ’, ‘भ’चे ‘म’ होतेच. खरा धोका आकड्यांत आहे. जुन्या हिशोबात उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा अर्धा, तीन म्हणजे पाऊण, आडव्या रेघा म्हणजे आणे. ‘१२५॥’ म्हणजे साडेएकशे पंचवीस रुपये. ओसीआर त्याचे ‘१२५११’ करतो. एका फौजेच्या रोजमुऱ्याचा, म्हणजे पगाराचा, आकडा असा शंभरपट फुगतो आणि पुढे कोणीतरी तो लेखात वापरतो. म्हणून ओसीआरचा मजकूर शोधण्यापुरता ठेवावा, वाचकाला पाठ म्हणून देऊ नये. या अपूर्णांक-चिन्हांना युनिकोडमध्ये २००९ पासून स्वतंत्र जागा आहे, पण फार थोड्या टंकांत ती असतात. नव्या भागासाठी टंक निवडताना हे आधी तपासावे.

व्यक्तिसूचीत खरी कसोटी एका माणसाची अनेक नावे आणि एका नावाची अनेक माणसे. सदाशिव चिमणाजी, भाऊसाहेब, सदाशिवरावभाऊ हे एक. रघुनाथ बाजीराव, दादासाहेब, राघोबा हे एक. उलट ‘नाना’ म्हणजे बाळाजी बाजीराव की बाळाजी जनार्दन फडणीस, हे तारखेशिवाय कळत नाही. म्हणून तारखांचा तक्ता आधी, सूची नंतर. नुसते ‘नबाब’ आले की पत्र कोणत्या प्रांतातले आणि कोणत्या सालचे ते पाहूनच नाव लावायचे. मुख्य नोंद एका नावाखाली, बाकीच्यांवर ‘पाहा’. स्थळांचेही तसेच: भागानगर म्हणजे हैदराबाद, अकबराबाद म्हणजे आग्रा, चेनापट्टण म्हणजे मद्रास. नोंद लेखांकाने द्यावी, पृष्ठाने नव्हे. जुनी प्रत बाळगणाऱ्यालाही मग ही सूची चालते. तिची वेगळी पुस्तिकाही काढता येते, आणि ती काढावीच.

कागद आणि बांधणी

एकूण पृष्ठे ५१८ अधिक १०६, म्हणजे ६२४. सोळा पानी फर्मे बरोबर ३९. नव्या पृष्ठांची संख्या अशीच, फर्मा भरेल इतकी बेतावी, नाहीतर शेवटी कोरी पाने जातात. २३×३६ इंची कागदावर ३२ पृष्ठे बसतात: प्रतीला साडेएकोणीस ताव, पाचशे प्रतींना ९,७५०, नासधुशीचे पाच टक्के धरून सुमारे १०,२४०. म्हणजे पाचशे तावांची २१ रीम. ७० जीएसएमचे (चौरस मीटरला ७० ग्रॅम) एक रीम सुमारे १८.७ किलो, एकूण जवळजवळ ३९० किलो. कागद आम्लमुक्त आणि किंचित पिवळसर घ्यावा. झगझगीत पांढऱ्यावर जुनी, फिकट-गडद अक्षरे डोळ्यांना टोचतात. सगळा कागद एकाच खेपेतला हवा, नाहीतर पुस्तकाच्या कडेला पट्टे दिसतात.

कणा सुमारे २८ मिलिमीटरचा होतो. या जाडीला नुसती गोंदाची बांधणी पाच-सात वर्षांत ग्रंथालयात सुटते. फर्मे शिवून, पुठ्ठ्याची बांधणीच करावी. कागदाचे तंतू कण्याला समांतर येतील असाच ताव घ्यायला छापखान्याला लेखी सांगावे. तसे नसले तर पावसाळ्यात पाने लाटांसारखी उठतात आणि पुस्तक मिटत नाही. घडीचा नकाशा फर्म्यात न शिवता मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात सुटा ठेवावा. घडीवर फाटण्याची जुनी तक्रार तेवढ्याने संपते.

जुन्या मुखपृष्ठाचे पान आत तसेच राहते, पण त्याच्या आधी नवे मुखपृष्ठ येते: पुनर्मुद्रणाचे साल, कोणत्या प्रतींवरून स्कॅन केले, कोणते पान कोणत्या प्रतीतून घेतले. जुन्या सालावर ‘दुसरी आवृत्ती’ छापू नये. पाठ बदललेला नाही, म्हणून हे पुनर्मुद्रणच. आयएसबीएन नवा, तो भारतात विनामूल्य मिळतो. १९५४च्या कायद्याने प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती स्वखर्चाने पाठवाव्या लागतात. छोट्या संस्था हे नेमके विसरतात.

करड्या छटांतले टिफ, एका पानाचे तीस-चाळीस एमबीपर्यंत, तसेच राखून ठेवायचे. दोन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या डिस्कवर. छापखान्याला दिलेली पीडीएफ म्हणजे मूळ नव्हे. तारखांचा तक्ता आणि सूची स्प्रेडशीटमध्येही ठेवाव्या, कारण शेजारच्या खंडाचे काम निघाले की पहिल्यांदा मागणी येते ती त्यांचीच.